व्हीलचेअरवरच्या माणसाला थीम पार्कला न्यायचंय: मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

दिवाळीची नाहीतर मेची सुट्टी जवळ आली की नांदेड, लातूर, परभणी, बीडकडून तेच ते प्रश्न येऊ लागतात. त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "खुर्ची आत जाते का?" खुर्ची आत जाते. अडतं पुढे, खुर्चीतून उठवून राइडच्या सीटवर, बसमध्ये किंवा कमोडवर बसवताना. खालच्या बऱ्याच उत्तरांचा रोख त्यामुळे तिकडेच आहे.

१. मराठवाड्यातून जवळचं मोठं पार्क कोणतं?

तुम्ही कुठून निघता त्यावर आहे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली, उदगीर, उमरगा या बाजूच्यांना हैदराबाद सोयीचं. तिथे १९९६ साली सुरू झालेली रामोजी फिल्म सिटी आहे आणि आउटर रिंग रोडजवळ रावीर्यालला २०१६ पासूनचं वंडरला आहे. संभाजीनगर, जालना, बीडकरांना खोपोलीजवळचं इमॅजिका बरं पडतं. ते २०१३ मध्ये सुरू झालं. एस्सेलवर्ल्डबद्दल अजून विचारणा होते. ते २०२२ मध्येच बंद झालं.

तिन्हींचा स्वभाव वेगळा. रामोजीत बघण्यासारखं जास्त, राइड्स कमी. वंडरलात राइड्सच मुख्य, त्यातही पाण्याच्या भरपूर. इमॅजिकात दोन्ही आहे, शिवाय वॉटर पार्क आणि स्नो पार्क वेगळे. ज्यांना खुर्चीतून उठवणं अवघड आहे त्यांच्यासाठी माझं मत रामोजीच्या बाजूने पडतं, पण तिथे बसची एक अडचण आहे. ती प्रश्न ७ मध्ये सांगितली आहे.

२. स्वतःची खुर्ची न्यावी की तिथली घ्यावी?

स्वतःची. पार्कात मिळणाऱ्या खुर्च्या मोजक्या असतात, सुट्टीच्या दिवशी संपतात, आणि त्या पाय मुरगळलेल्या पाहुण्याला तासभर बसवण्यापुरत्या असतात. कुशन नसतं, हातटेकू निघत नाहीत, फुटरेस्ट तुमच्या माणसाच्या पायांच्या मापाचे नसतात. ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला अशा खुर्चीत आठ तास बसवलं तर घरी येईपर्यंत जखम झालेली असू शकते.

निघण्याआधी टायरमध्ये हवा, दोन्ही ब्रेक आणि पुढच्या लहान चाकांचे नट बघून घ्या. एक पाना पिशवीत टाका. सायकलचा पंप बऱ्याच खुर्च्यांना चालतो.

३. पार्कला फोन करून नेमकं काय विचारू? ते तर म्हणतात, सगळी सोय आहे.

"हो सर, सगळी सोय आहे" हा अर्धा नकार समजायचा. बोलणाऱ्याने बहुधा गेटवरचा रॅम्प डोळ्यांसमोर आणलेला असतो. म्हणून सोय आहे का, असं विचारूच नका. आकडे आणि नावं विचारा.

टॉयलेटच्या दाराची मोकळी रुंदी किती? (टेप लावून सांगा म्हणावं. साधी घडीची खुर्ची ६० ते ६५ सेंटिमीटर रुंद असते आणि आपल्याकडची साधी टॉयलेटची दारं कित्येकदा त्याहून अरुंद.) चालता न येणाऱ्याला ज्या राइड्समध्ये बसू देता त्यांची नावं काय? त्या प्रत्येकीला पायऱ्या किती? रांगेला वेगळा रस्ता आहे का, की लोखंडी कठड्यांच्या नागमोडी गल्लीतूनच जायचं? प्रथमोपचार खोलीत पलंग आहे का? सोबतच्याला तिकीट किती?

उत्तरं ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी मागा. गेटवर वाद झाला तर तेच दाखवता येतं, आणि लेखी द्यायचं म्हटल्यावर समोरचा जरा उठून बघूनही येतो.

४. पण राइड्स करता येतात का खरंच?

काही येतात. पार्कवाले मुख्यतः तीन गोष्टी बघतात. माणूस पाठ-मान धरून सरळ बसू शकतो का, हाताने दांडा घट्ट धरू शकतो का, आणि राइड मध्येच बंद पडली तर त्याला बाहेर कसं काढायचं. तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. वीज गेली आणि गाडी उंचावर अडकली की बाकीचे प्रवासी अरुंद जिन्यावरून चालत खाली येतात. पायात जोर नसलेल्याला तिथून उतरवायचं तर त्याची तयारी आधीपासून असावी लागते. म्हणून इमॅजिकाच्या नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरला "माझे हात मजबूत आहेत" एवढं पुरत नाही.

हाती बहुधा लागतं ते असं: चित्रपटासारखे खेळ, स्टेजवरचे शो, मिरवणूक, छोटी रेल्वे, संथ बोट, मेरी-गो-राउंडमधला बाक. हलत्या खुर्च्यांच्या थिएटरमध्ये न हलणाऱ्या सीट आहेत का ते विचारा. कित्येक ठिकाणी असतात, पण आपणहून कोणी सांगत नाही.

कृत्रिम पाय लावणाऱ्यांना वेगवान राइडला तो काढून ठेवायला सांगतात. ते योग्यच आहे, सुटून खाली पडला तर दुसऱ्याला लागेल. पाय ठेवायला मोठी पिशवी न्या आणि ती धरायला एक माणूस खाली थांबवा.

५. खुर्चीतून राइडच्या सीटवर बसवायचं कसं? तिथली माणसं उचलतात का?

ती उचलतील हे धरून चालू नका. बऱ्याच ठिकाणी त्यांना तशी परवानगी नसते, आणि शिकलेली नसलेली चार उत्साही पोरं काखेत हात घालून ओढू लागली तर नको ती मदत होते. आपली दोन धडधाकट माणसं सोबत असावीत.

खुर्ची सीटच्या बाजूला थोडी तिरपी लावायची. दोन्ही ब्रेक लावायचे, फुटरेस्ट वर करायचे, त्या बाजूचा हातटेकू निघत असेल तर काढायचा. माणसाला खुर्चीच्या पुढच्या कडेपर्यंत सरकवून पुढे झुकवायचं. उचलणाऱ्याने गुडघे वाकवायचे, कंबर नाही. पक्षाघात झालेल्याला शक्यतो त्याच्या चांगल्या बाजूकडे वळवून बसवा आणि लुळा हात कधीही ओढू नका. त्या खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा निसटतो.

दोघांनी उचलायचं असेल तर मांड्यांखालून आणि पाठीमागून जाड चादर घ्या. चांगली विणलेली सोलापुरी चादर चौघडी करून घेतली तर दोन्ही बाजूंनी पक्की पकड मिळते. मात्र "एक, दोन, तीन" कोण म्हणणार हे आधी ठरवा, आणि ज्याला उचलायचं त्यालाच म्हणू दिलं तर उत्तम. अंग त्याचं आहे.

याचा सराव घरी करा: खुर्चीतून बाजेवर, बाजेवरून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, तिथून गाडीच्या सीटवर. संभाजीनगरकरांनी सिद्धार्थ उद्यानात, बाकीच्यांनी आपल्या गावच्या बागेत एक दुपार काढून बघावी. बागेत जे जमत नाही ते पार्काच्या रांगेत, मागे पन्नास माणसं उभी असताना, जमणार नाही.

६. कोणी राइड करूच नये?

डॉक्टरांना "फिरायला नेऊ का" असं विचारलं तर ते हो म्हणतील. प्रश्न नेमका विचारा. मणक्यात रॉड किंवा स्क्रू आहेत, डोक्यात शंट (साचलेलं पाणी काढणारी नळी) बसवला आहे, पेसमेकर आहे, फिट्स येतात (चमकत्या दिव्यांच्या शोनेही येऊ शकतात), मान धरत नाही, नुकतंच ऑपरेशन झालं आहे: यांतलं जे असेल ते सांगून वेगाच्या आणि हिसक्याच्या राइडबद्दल स्वतंत्र विचारा.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. वर्षानुवर्षं पायांवर भार पडला नाही की हाडं ठिसूळ होतात. संवेदना नसेल तर राइडमध्ये पाय अडकून मोडला तरी दुखत नाही, दुसऱ्या दिवशी सूज दिसल्यावर कळतं. म्हणून बसवल्यावर पाय कुठे आहेत हे डोळ्यांनी बघा आणि दोन्ही पाय मऊ पट्ट्याने एकत्र बांधा.

७. रामोजीला बसनेच फिरवतात ना? मग खुर्चीवाल्याने काय करायचं?

हो. तिकीटखिडकीपासून आत न्यायला बस, आतली फेरीही बसने, आणि बसला पायऱ्या. म्हणजे दिवसभरात चढ-उतार पुन्हा पुन्हा होणार. फेरीत प्रत्येक थांब्यावर उतरायचा हट्ट सोडला तर दिवस सुखाचा जातो. पुढची सीट मागून घ्या, दोन-तीन थांबे आधीच निवडा, बाकीचं खिडकीतून बघा. खुर्ची घडी करून बसमध्येच ठेवायची आहे हे कंडक्टरला चढतानाच सांगा. आपली गाडी आतपर्यंत नेता येईल का, हा प्रश्न ३ च्या यादीत जोडून लेखी उत्तर मागवा.

८. टॉयलेटचं काय करता तुम्ही लोक?

हाच सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि नेहमी खासगीत.

आल्या आल्या, एकही राइड बघण्याआधी, टॉयलेट बघून या. व्हीलचेअरचं चिन्ह लावलेल्या खोलीत कधी बादल्या आणि झाडू ठेवलेले असतात, कधी कुलूप असतं आणि किल्ली कोणाकडे ते कोणाला माहीत नसतं. सकाळी दहाला किल्ली शोधणं वेगळं आणि दुपारी दोनला, घाई लागलेली असताना, वेगळं.

आत खुर्ची पूर्ण वळवायला साधारण दीड मीटर मोकळी जागा लागते. तेवढी नसेल तर खुर्ची मागे घेत आत न्या, म्हणजे बाहेर पडताना तोंड दाराकडे असतं. पुरुषांसाठी युरिन पॉट आणि अंगावर घ्यायला चादर हवीच. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर पिशवी मांडीला बांधायची घ्या; खुर्चीला लटकवलेली पिशवी चाकात जाते.

मुलगी वडिलांना नेते, नवरा बायकोला नेतो, तेव्हा बायकांचं की पुरुषांचं हा पेच येतो. वेगळं टॉयलेट नसेल तर सरळ प्रथमोपचार खोली मागा. पलंग आणि पडदा असतो, मोठ्या माणसाचं डायपर तिथे मानाने बदलता येतं. सांगायला लाजू नका. नर्सला यात नवीन काही नसतं.

आणि एक कळकळीची विनंती. वारंवार जायला नको म्हणून पाणी तोडू नका. बायका तर हे हमखास करतात. ऊन आणि अडवून धरलेली लघवी, दोन्ही मिळून दोन दिवसांनी तापाने फणफणायला लावतात.

९. पाण्याच्या पार्कात नेलं तर?

नेता येतं, पण आपली खुर्ची पाण्यात नको. क्लोरीनच्या पाण्याने बेअरिंग गंजतात, कुशन ओलं राहिलं तर कातडी सोलते. लहान मुलांच्या उथळ तळ्याच्या कडेला, बुडाखाली घडी केलेला टॉवेल घालून, दोन्ही बाजूंना माणूस धरून बसवणं हा सगळ्यात निर्धोक प्रकार. लाटांच्या तळ्यातही अगदी काठाशीच. घसरगुंड्या विसरा, त्यांचा जिनाच चार मजली असतो.

उघडी जखम किंवा बेडसोअर असेल तर पाण्यात नेऊच नका. कॅथेटर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कपडे नायलॉन किंवा लायक्राचेच लागतात. साडी, सुती सदरा चालत नाही. पायांना संवेदना नसेल तर मोजे घाला, खरखरीत फरशीवर टाचा सोलतात आणि कळत नाही.

१०. कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबर-जानेवारी, आणि सोमवार ते गुरुवार. मे महिन्याचं तिकीट स्वस्त मिळालं तरी नको. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्यांना घाम येत नाही, शरीर थंडच होत नाही. परभणीच्या उन्हात वाढलेल्यालाही त्याचा उपयोग नाही. पाण्याचा फवारा आणि ओलं उपरणं जवळ ठेवा. उन्हात राहिलेली खुर्ची पुन्हा वापरण्याआधी सीट आणि लोखंडी दांडे हाताने तपासा, नाहीतर चटका बसतो.

११. रेल्वेने जायचं तर सवलत कशी मिळते?

सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के, सेकंड आणि फर्स्ट एसीला ५० टक्के सवलत आहे, आणि एका सोबत्यालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचं स्वतःचं दिव्यांगजन ओळखपत्र आधी काढून घ्या. अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, सहल ठरल्यावर नव्हे, आत्ताच करा.

हैदराबादकडे जायला देवगिरी एक्सप्रेस संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला पोचवते. मुंबईकडे २०२५ पासून नांदेडहून निघणारी वंदे भारत आहे. तिच्या टोकाच्या डब्यांत खुर्चीसाठी जागा आणि रुंद टॉयलेट असतं. इमॅजिकासाठी कल्याण किंवा ठाण्याला उतरून पुढे गाडी करावी. दोन मिनिटं थांबणाऱ्या लहान स्टेशनऐवजी मोठ्या स्टेशनवरून चढा. दिव्यांगांचा डबा बहुतेक गाड्यांना अगदी टोकाला असतो, म्हणून तो कुठे लागणार हे स्टेशन मास्तरांना आधी विचारून ठेवा.

१२. आणि एसटीने? किंवा भाड्याच्या गाडीने?

साध्या एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, जास्त टक्केवारीच्या दिव्यांगांच्या सोबत्याला ५० टक्के. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून राज्यात मोफत. पण सवलतीने पायऱ्या कमी होत नाहीत. एसटीचा पायदान उंच, दार अरुंद, वर चढल्यावर वळण. तालुक्याच्या गावापर्यंत ठीक, पार्कापर्यंत नको.

भाड्याची गाडी करताना उंच एसयूव्हीच्या मोहात पडू नका. खुर्चीच्या सीटशी ज्या गाडीची सीट जवळपास समान उंचीला येते ती चांगली. कित्येकदा साधी सेडानच सोपी पडते. गॅसची टाकी डिकीत असेल तर खुर्ची मावत नाही, हे ड्रायव्हरला आधीच विचारा. टोलमाफी फक्त दिव्यांगांसाठी खास बदल करून तशी नोंदवलेल्या वाहनाला असते, भाड्याच्या गाडीला नाही.

१३. यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) दाखवलं की पार्कात तिकीट माफ होतं का?

कायद्याने नाही. खासगी पार्कं आपापल्या मर्जीने सवलत देतात, ती बदलत राहते. कार्ड मात्र न्याच. दिव्यांगत्व ४० टक्क्यांपासून ८० टक्क्यांच्या आत असल्यास पिवळं आणि ८० व त्याहून जास्त असल्यास निळं कार्ड मिळतं. रांगेत वाद झाला की तोंडी सांगण्यापेक्षा ते पटकन पटतं.

१४. आज्जीला दिव्यांग प्रमाणपत्र नाही, पण फार चालवत नाही. तिला खुर्ची मिळेल का?

मिळेल, तिथली खुर्ची अशाच लोकांसाठी असते. प्रश्न २ चा सल्ला तिला लागू नाही. चार पावलं टाकता येत असतील तर बसवण्या-उठवण्याचा बराच त्रास वाचतो. वयामुळे काही राइड्स नाकारतील, पण आज्जीला बहुधा नातवंडं ओरडताना बघण्यातच रस असतो. सावली आणि पंखा असलेलं शो-थिएटर तिच्यासाठी शोधून ठेवा.

१५. आमच्याकडे जिल्हा परिषदेने दिलेली तीनचाकी आहे. तीच नेऊ का? बॅटरीची खुर्ची चालते का?

हाताने फिरवायची किंवा बॅटरीची तीनचाकी रस्त्यासाठी असते. ती दारांतून जात नाही, जागच्या जागी वळत नाही, आणि पार्कवाले तिला वाहन समजून गेटवर थांबवतील. गावातल्या कोणाची तरी घडीची खुर्ची दोन दिवसांसाठी मागून घ्या. उतारावर अशा साध्या खुर्चीला उलटं, म्हणजे माणसाची पाठ उताराकडे ठेवून उतरवतात.

बॅटरीची व्हीलचेअर ही वेगळी गोष्ट, ती आत चालते. पण ती जड असते, चार पायऱ्या आल्या की साध्या खुर्चीसारखी मागे कलवून चढवता येत नाही. चार्जर न्या.

१६. शाळेच्या सहलीत माझ्या लेकराला "तू येऊ नकोस" म्हणाले. काय करू?

मुख्याध्यापकांना लेखी विचारा, कारण लेखीच द्या म्हणा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात शाळेने भेदभाव न करता शिक्षण द्यावं, आणि खेळ व मनोरंजनाच्या संधीही इतर मुलांसारख्याच द्याव्यात असं स्पष्ट आहे. सोबत पालकांपैकी एकजण येतो, असं सुचवलं की शाळेचा निम्मा विरोध तिथेच मावळतो. लेकराला कोणत्या राइड जमतील याची यादी प्रश्न ३ प्रमाणे तुम्हीच मिळवून शिक्षकांच्या हातात द्या. त्यांच्या मनात बहुधा भीती असते, आकस नसतो.

१७. गेटवर किंवा राइडवर नाकारलं तर?

दोन्ही नकार वेगळे आहेत. एखाद्या राइडला सुरक्षेच्या कारणाने नाही म्हणणं योग्य असू शकतं. पार्कातच येऊ नका, किंवा कारण न सांगता सगळ्याच राइड्सना नाही, हे चालत नाही. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३ प्रमाणे दिव्यांगत्वावरून भेदभाव करता येत नाही; तसं वागणं उचित उद्देशासाठी आणि प्रमाणात आहे हे दाखवता आलं तरच सूट. शिवाय त्याच कायद्यातल्या सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत मनोरंजनाच्या खासगी जागाही येतात, म्हणजे "आम्ही खासगी आहोत" ही सबब लंगडी आहे.

तिथल्या तिथे मॅनेजरला बोलवा, नियम कुठे लिहिला आहे ते दाखवायला सांगा, फलकाचा फोटो काढा. राइड चालवणाऱ्या पोराशी भांडून काही होत नाही. नंतर तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. इमॅजिकाबद्दल असेल तर पुण्याचं कार्यालय, हैदराबादबद्दल असेल तर तेलंगणाचं. पैशांचा प्रश्न असेल तर ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, नांदेडच्या माणसाने इमॅजिकासाठी रायगडला खेटे घालायची गरज नाही.

१८. एवढं लांब जाण्यापेक्षा जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसवलं तर?

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेनंतर हा प्रश्न हमखास येतो. जत्रेतला पाळणा दोन दिवसांत उभा करतात, दोन दिवसांत मोडतात. पाळण्याला बहुधा नुसती आडवी दांडी असते, पट्टा नसतो, आणि चढवताना तो पूर्ण थांबत नाही. ज्याला पायाने तोल सावरता येत नाही त्याला बसवू नका. एरवी जत्रा मात्र नक्की दाखवा. पहाटे, गर्दी व्हायच्या आत, चिखल नसेल त्या बाजूने.

१९. वडील म्हणतात, तुम्ही जा, माझं काय. जबरदस्तीने न्यावं का?

जबरदस्ती नको. पण त्या "माझं काय" मागे बहुतेक वेळा प्रश्न ८ असतो. टॉयलेटची सोय काय केली आहे हे त्यांना आधी सविस्तर सांगा. कोण उचलणार, कुठे, किती वेळा, हेही. मग पुन्हा विचारा. तरी नाही म्हणाले तर नाही.

२०. तिकीट काढलं आणि एकही राइड जमली नाही, तर पैसे परत मिळतात का?

सहसा नाही. ऑनलाइन तिकिटावर "परतावा नाही" असं छापलेलंच असतं. म्हणून खुर्चीवरच्या माणसाचं तिकीट ऑनलाइन काढू नका. बाकीच्यांची काढा, त्याचं गेटवर, त्या दिवशी कोणत्या राइड चालू आहेत आणि कोणत्यांत बसू देणार हे काउंटरवर विचारून मग घ्या. देखभालीसाठी एखाददुसरी राइड बंद असतेच, आणि ती नेमकी तुमच्या यादीतली असू शकते.